लोकांच्या गाडीत लोक कुठे आहेत?

‘फोक्सवॅगन’ या जर्मन शब्दाचा सरळ अर्थ ‘लोकांची गाडी’. त्यामुळे या कंपनीच्या मॉडेलांची यादी पाहताना मला नेहमी एकच प्रश्न पडतो : यातली लोकांची गाडी कोणती?

या नावाचा जन्म काही शुभ मुहूर्तावर झालेला नाही. नाझी राजवटीने ९९० मार्कांत मोटार देण्याचे आमिष दाखवून सामान्य जर्मनांकडून हप्ते गोळा केले. मग युद्ध आले आणि गाडी एकालाही मिळाली नाही. १९४५ नंतर ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली वोल्फ्सबर्गचा कारखाना उभा राहिला आणि ‘बीटल’ने ते वचन पाळले. मागे बसवलेले, हवेने थंड होणारे इंजिन आणि साधी रचना यांच्या बळावर २००३ पर्यंत २ कोटी १५ लाखांहून अधिक बीटल तयार झाल्या.

पण एकाच खांबावर घर किती दिवस तग धरणार? बीटलची मागणी घटून कंपनी तोट्यात जाऊ लागली, तेव्हा १९७३ मध्ये ‘पसाट’, १९७४ मध्ये ‘गोल्फ’ आणि १९७५ मध्ये ‘पोलो’ आली. तिघींचीही इंजिने पुढे आणि पाण्याने थंड होणारी. मोठ्या कुटुंबाला पसाट, मध्यमवर्गाला गोल्फ, पहिली गाडी घेणाऱ्याला पोलो! माझ्या मते कंपनीची सर्वांत शहाणी मांडणी हीच.

पुढे मात्र नजर वरच लागली. २००२ मध्ये ‘फेटन’ ही आलिशान मोटार आली. लोकांच्या गाडीचे चिन्ह मिरवायला श्रीमंत तयार होईनात आणि २०१६ मध्ये ती बंद पडली. उंच, अवजड ‘टुआरेग’ आणि ‘टिग्वान’ मात्र रुजल्या. इकडे तळाची चिमुकली ‘अप’ २०२३ मध्ये थांबली. आपल्या चाकणमध्ये २००९ पासून बनणारी पोलोही २०२२ मध्ये निरोप घेऊन गेली.

छोट्या गाडीत नफा थोडा आणि प्रदूषणाच्या कडक नियमांचा खर्च मोठा, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु २०१५ मध्ये डिझेल गाड्यांच्या चाचण्यांतली लबाडी उघड झाल्यावर या कंपनीला सर्वाधिक गरज आहे ती विश्वासाची. २०२५ मध्ये तिने सुमारे २० हजार युरोंच्या, विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीचा नमुना दाखवला आणि २०२७ चा वायदा केला. हा वायदा तिने पाळावा. हप्ते भरून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसांचे ऋण या नावावर आहे. ते महागड्या मोटारी विकून फिटणारे नाही.