मागच्या सीटचा हिशोब

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर माझी बायको माझ्या गाडीवरून उतरली आणि मालवणच्या एसटीत जाऊन बसली. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. तिने शांतपणे हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू ये मागून. मी होते पुढे." पुण्यापासून तिथवर सव्वादोनशेच्या वर किलोमीटर झाले होते. कराडलाच तिच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि कोल्हापूरला उतरल्यावर दोन मिनिटं तिला सरळ उभंच राहता येईना. मी मात्र एकदम मजेत होतो. पाठीत पॅड, गुडघ्यात पॅड, हँडलवर फोन, फोनवर नकाशा. 'काय मस्त टूरिंग सेटअप झालाय' असं मनाशी म्हणत होतो.

फोंडा घाट मी एकट्याने उतरलो. गाडी अशी झकास चालली की काय सांगू! आणि तेव्हाच डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला की आपण ही गाडी टूरिंगसाठी सजवलीच नव्हती. फक्त स्वतःसाठी सजवली होती.

तेव्हापासून ऑफिसच्या पार्किंगमध्ये, नाना पेठेत, घाटातल्या टपऱ्यांवर मी एकच उद्योग करतो: लोकांच्या गाड्या बघतो. स्पोर्ट्स बाईक घेऊन डबलसीट लांब जाणारे आपल्यासारखे बरेच आहेत. ईएमआयवर एकच गाडी परवडते, ती कॉलेजपासून मनात असते, मग लग्न होतं किंवा व्हायचं असतं, आणि वीकांताला कोकण खुणावतं. यात काही चूक नाही. चूक आहे ती पुढच्या खर्चाच्या यादीत. जादा दिवे, मोबाईलचा होल्डर, जोरात आवाज करणारा सायलेन्सर, टाकीवरचे स्टिकर, नंबरप्लेट आखूड करणारी 'टेल टायडी'. आणि मागच्या माणसासाठी? एक बंजी दोरी. ती पण तिच्यासाठी नाही, बॅगेसाठी.

ती सीट एकदा नीट बघा. वीतभर रुंद, मागे निमुळती, जमिनीपासून इतकी उंच की वर चढताना आधी लाथ मारल्यासारखा पाय फिरवावा लागतो. फोम बोटभर. हे काही देवाने ठरवलेलं नाही. २००३ साली आलेल्या करिझ्माची सीट सलग होती आणि लोक तिच्यावरून दोघं दोघं खुशाल लांब फिरून यायचे. २००८ ची पहिली आर१५ दिसायला रेसची गाडी, पण सीट सलगच. २०११ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली तेव्हा सीटचे दोन तुकडे झाले आणि मागचा तुकडा वर गेला. शेपूट वर, दिसायला झकास. आपणच ते डोक्यावर घेतलं. कंपन्यांना काय दोष देणार? गाडी घेताना शोरूममध्ये मागच्या सीटवर बसून बघितलेला एक तरी माणूस दाखवा. मी पण नाही बसलो. आता मात्र पार्किंगमध्ये बसून बघितलंय, मित्राला पुढे बसवून. सोसायटीच्या दोन चकरा मारल्या आणि मी उतरलो.

आता थोडं इंजिनियरिंग (सवय जात नाही). प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत एक कमाल भार दिलेला असतो. माझ्या गाडीचा १५० किलो. मी ७८, बायको ५६, झाले १३४. दोन हेल्मेटं, दोन जॅकेटं, बूट वगैरे धरून आणखी दहा. १४४. म्हणजे सामानाला राहिले सहा किलो! सहा किलोत दोघांचे तीन दिवसांचे कपडे बसतात, बसवले की बसतात, पण त्या दोन्ही बाजूंच्या सॅडलबॅगा, वर टॉपबॉक्स, त्यात ट्रायपॉड, येताना कोकम आणि काजू... हे सगळं कोणाच्या हिशोबात धरायचं? नुसता रिकामा टॉपबॉक्स आणि त्याचा लोखंडी स्टँडच चार-पाच किलो होतो. शिवाय तो लटकतो कुठे, तर मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे. तिथलं वजन पुढचं चाक हलकं करतं. बायकोचं वजन आधीच जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर, त्यात हे. मग घाटाच्या चढात हँडल सैल लागायला लागतं आणि आपण म्हणतो, टायर बदलायला हवेत.

टॉपबॉक्सवाल्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं: "अरे, मागे टेकायला होतं तिला." बरोबर आहे, होतं. पण मग मोठ्या बॉक्सऐवजी पाठीचा टेकू लावा ना! आणि बॉक्सच लावायचा तर बघून लावा. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारसायकलवरच्या अशा पेट्यांचं मापसुद्धा ठरवून दिलंय, आणि त्यात सरळ म्हटलंय की पेटी मागच्या माणसाच्या जागेवर येत असेल तर गाडीवर चालवणाऱ्याने एकट्यानेच बसायचं. निमुळत्या शेपटीवर मोठा बॉक्स कुठे येतो, ते फूटपट्टी घेऊन मोजा.

कायद्याचं निघालंच आहे तर अजून एक. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२३. मागच्या माणसाला धरायला कायमची जागा हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, आणि मागचं चाक निम्म्याहून कमी नाही इतकं झाकलेलं हवं, म्हणजे कपडा चाकात जाणार नाही. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो तेच. नवी गाडी घरी आली की पहिल्या रविवारी काय निघतं? साडीगार्ड. "लुक जातो रे." नवरा स्वतः जीन्समध्ये, मागे ओढणी, आणि मधे उघडी चेन. मी स्वतः माझ्या गाडीचं साडीगार्ड काढून माळ्यावर टाकलं होतं. मालवणहून आल्यावर शोधून काढलं आणि परत लावलं. गाडी वाईट दिसते का? दिसते. बरं मग?

पण मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ताम्हिणीत पावसाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी उभं राहा. पुढचा गडी: पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, सीई पॅडवालं जॅकेट, ग्लोव्हज, घोट्याच्या वर जाणारे बूट. मागे ती: सुती कुर्ता, सँडल, डोक्यावर घरात पडलेलं अर्धं हेल्मेट, तेही दोन बोटं सैल. टेल टायडीसाठी मडगार्ड काढल्यामुळे पाठीवर मानेपर्यंत चिखलाची रेघ. गाडी घसरली तर दोघं एकाच डांबरावर पडणार आहेत. त्याच्या कोपराला कवच आणि तिच्या कोपराला मलमल, हा कुठला न्याय? मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने हेल्मेट दोघांनाही सक्तीचं आहे, पण पोलिसापुरतं हेल्मेट वेगळं आणि डोक्यापुरतं वेगळं. मी आता म्हणतो, बजेट एकाच जॅकेटचं असेल तर पहिलं मागच्याचं घ्या. हँडल पुढच्याच्या हातात असतं, समोरचा खड्डा त्याला दिसतो, ब्रेक कधी लागणार हे त्याला माहीत असतं. मागच्याला यातलं काहीच नसतं.

ब्रेकवरून आठवलं. खंबाटकीच्या उतारावर एक ट्रक अचानक लेन बदलून पुढे आला. मी दाबला ब्रेक. एबीएस आहे, गाडी सरळ थांबली, पण बायको उतरत्या सीटवरून घसरून पूर्ण माझ्या पाठीवर आली, आणि ते सगळं वजन माझ्या मनगटांतून खाली वळलेल्या हँडलवर. अशा वेळी त्या हातांनी ऐनवेळी गाडी वळवायची म्हटलं तर वळत नाही. त्याच्यावर उपाय फुकटचा आहे, आणि मला तो तिच्यासकट नंतर कळला: ब्रेक लागतोय असं वाटलं की मागच्याने दोन्ही बाजूंनी हात पुढे घेऊन तळवे टाकीवर टेकवायचे. आम्ही त्याची सोसायटीत रीतसर प्रॅक्टिस केली. वॉचमन हसत होता, हसू दे.

असेच फुकटातले आणखी दोन उद्योग कोणी करत नाही. टायरमधली हवा: माझ्या गाडीच्या स्टिकरवर मागच्या चाकाला एकट्यासाठी २९ आणि डबलसीटसाठी ३३ लिहिलंय. चार पीएसआयचा फरक, पण पंपावर आपण नेहमीच्या सवयीने एकच आकडा सांगून मोकळे. दुसरा म्हणजे मागचा शॉकअप. सगळ्या गाड्यांना सोय नसते, पण ज्यांना आहे त्यांच्या टूलकिटमधला तो आकडेवाला पाना गंज खात पडलेला असतो. दोन घरं कडक केला की मागचा भाग बसत नाही, हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही, आणि खड्ड्यात शॉकअप तळाला आपटून मागच्याच्या मणक्याला जो दणका बसतो तो कमी होतो. त्यानंतर चेनचा ताण एकदा बघायचा. दहा मिनिटांचं काम आहे. जादा दिवे लावायला आपण अख्खा रविवार घालवतो.

"एवढं आहे तर स्कूटर घे ना!" हे मला तीन जणांनी ऐकवलं. चौथा म्हणाला, टूरर घे, पैसे टाक. यातला टूररचा सल्ला योग्यच आहे, पैसे त्याने दिले तर. पण मुद्दा गाडी कोणती हा नाहीच. स्पोर्ट्स बाईक डबलसीट लांब जाऊ शकते, तिच्या अटींवर. अट एक, सामान कमी. अट दोन, साठ-सत्तर किलोमीटरला थांबा, मग ग्रुपमधले पुढे गेले तरी जाऊ देत. अट तीन, वेग. मागचा माणूस उंच बसलेला असतो, पुढच्याच्या डोक्यावरून आलेला सगळा वारा त्याच्या छातीवर. ८० वरून १०० वर गेलं की वाऱ्याचा जोर दीडपटीहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. पुढचा काचेमागे वाकून बसलेला असतो, त्याला ते कळतसुद्धा नाही. आमच्यात आता खूण ठरली आहे. खांद्यावर एक टपली म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. कारण विचारायचं नाही.

आणि ज्याला यातली एकही अट मान्य नाही त्याने सरळ मागचे फूटरेस्ट काढून टाकावेत, आरटीओच्या कागदावरही एकट्याचीच नोंद करून घ्यावी आणि एकट्याने मजा करावी. त्यात प्रामाणिकपणा तरी आहे. 'ती म्हणाली मला चालतंय' हे मात्र मला सांगू नका. माझी पण कराडपर्यंत तेच म्हणत होती.

असो. तर मागच्या महिन्यात मी सीट काढून नाना पेठेत एका सीटवाल्या चाचांकडे घेऊन गेलो. म्हटलं मागची सीट दोन इंच रुंद करा, फोम घट्ट टाका, आणि पुढची जरा उचला म्हणजे पायरी कमी होईल. चाचांनी सीट उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "बसणार कोण?"

"बायको."

"मग मॅडमना आणा ना! माप त्यांचं, तुम्ही काय सांगणार?"

पुढच्या शनिवारी तिला घेऊन गेलो (रिक्षाने). चाचांनी कच्चा फोम कापून गाडीवर ठेवला, तिला बसवलं आणि अर्धा तास ते दोघंच बोलत होते. इथे टोचतंय, पुढे उतार नको, मागे जरा उचला, पाय अजून खाली हवेत. फूटरेस्टचे ब्रॅकेट दीड इंच खाली घ्यायचं ठरलं, सायलेन्सरला लागणार नाही एवढं बघून. मी चहा आणायला गेलो. परत आलो तेव्हा तिने कव्हरचा रंगही निवडून ठेवला होता. तपकिरी. काळ्या-लाल गाडीवर तपकिरी सीट! मी तोंड उघडलं आणि तिने खांद्यावर एक टपली मारली.

सीट गुरुवारी मिळणार आहे.