परकोट आणि पूररेषा

चंद्रपूरच्या परकोटाची कथा तेथील लहान मुलालाही ठाऊक असते. झरपटच्या पाण्याने व्याधिमुक्त झालेला गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीस निघाला असता एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना त्याला दिसला आणि राणीच्या सल्ल्यावरून त्या धावेच्या मार्गानेच नगराचा तट आखला गेला. ससा क्षणभर बाजूला ठेवला, तरी तट बांधणारांना भूमीची जाण होती हे मान्य करावेच लागते. इरई आणि झरपट या दोन नद्यांमधली जागा त्यांनी हेरली. सुमारे ११ किलोमीटरचा तट एका राजाच्या हयातीत नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांतून उभा राहिला. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या त्याला ठेवण्यात आल्या. नगर कोठे संपते आणि नदी कोठे सुरू होते, याविषयी त्या काळी कोणाच्या मनात संभ्रम नव्हता.

तो संभ्रम आपल्या काळाने निर्माण केला. कोळसा खाणी आल्या, औष्णिक वीज केंद्र आले, त्यांच्यामागे रोजगारासाठी माणसे आली. त्यांना परकोटात जागा नव्हती, हे उघडच आहे. शहर बाहेर पसरले यात गैर काही नाही. पण ते नदीच्या पात्रापर्यंत पसरू दिले गेले. खाणींतून निघालेल्या मातीचे डोंगर नदीकाठी रचले गेले आणि इरईचे पात्र आक्रसले. २००६, २०१३ आणि २०२२ या तिन्ही वर्षी तिने हिशेब मांडला. बिनबा दरवाजाबाहेरील रहमतनगरसारख्या वस्त्या पाण्यात गेल्या, पठाणपुऱ्याकडील रस्ता बंद पडला. पूररेषेच्या आत भूखंड विकणारे मात्र कोरडेच राहिले! ज्याने आयुष्याची पुंजी घालून तो भूखंड घेतला, त्या कामगारालाच अतिक्रमक म्हणून हिणवणे हा अन्याय आहे.

झरपटची अवस्था तर पाहवत नाही. चैत्रात नांदेडकडून आणि तेलंगणातून हजारो भाविक महाकालीच्या यात्रेस येतात. ज्या नदीच्या पाण्याने राजा बरा झाल्याचे सांगितले जाते, तिच्यात आज जलपर्णी आणि सांडपाणी आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने लावलेल्या क्रमवारीत चंद्रपूर देशात चौथे होते. राज्याला उजेड देणाऱ्या नगराच्या वाट्याला हे यावे?

समाज अगदीच निद्रिस्त आहे, असे नव्हे. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’च्या तरुणांनी झुडपांत बुडालेला परकोट हाताने साफ करण्यास प्रारंभ केला, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याची दखल घेतली. परंतु तटालगत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांची अडचणही समजून घ्यावयास हवी. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, पडके घर दुरुस्त करायचे तरी परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. म्हणजे तटाशेजारच्या घराला एक वीट लावणे अवघड आणि नदीच्या पात्राशेजारी वसाहत उभी करणे सोपे, असा हा उफराटा न्याय आहे.

२०११ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. या महानगरपालिकेने इरईची पूररेषा नकाशातून काढून जमिनीवर दगड रोवून दाखवावी, खाणीच्या मातीचे ढीग पात्रापासून हलविण्याची मुदत जाहीर करून घ्यावी आणि पूररेषेतील कुटुंबांना पर्यायी जागा दिल्याखेरीज एकाही घराला हात लावू नये. पावसाळा दरवर्षी जूनमध्येच येतो.