देवाच्या घरात नाटक कशाला?

पंधरा ऑगस्टला सकाळी ध्वजवंदन आटोपून आपण घरी येतो, शिऱ्याची बशी पुढे येते आणि राष्ट्रीय सण संपतो. आपल्या ठाण्या-कल्याणच्या कॅथलिक शेजाऱ्यांचे तसे नसते. त्यांच्या पंचांगात हाच दिवस मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा. तेव्हा आई आणि मातृभूमी या दोघींचे स्मरण एकाच उपासनेत करायचे. नुसत्या प्रवचनाने मुले जांभया देतात. मग चित्र, देखावा, छोटीशी नाटिका यांचा विचार निघतो. आणि लगेच एखादे आजोबा विचारतात, "देवाच्या घरात नाटक कशाला?"

आजोबांची शंका रास्त आहे. पण मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला तिचे थोडे नवल वाटते. आपला दशावतार देवळाच्या अंगणातच रंगतो. कीर्तनकार पूर्वरंगात तत्त्व सांगतो आणि उत्तररंगात एकटाच राजा, राणी, ऋषी होतो. लोकमान्यांच्या काळात गणपतीपुढच्या मेळ्यांनी त्यात देशभक्तीही मिसळली.

ख्रिस्ती मंडळी यात मागे नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि त्याने बायबलची कथा मराठी ओव्यांत गुंफली. त्याचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले. बालपणाची काही वर्षे कल्याणात काढलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण भजन-कीर्तन सोडले नाही. तेच ख्रिस्ताच्या सेवेला लावले. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (1902–1967) यांनी मरियेला साडी नेसवली. त्यांच्यावर टीका झाली. पुढे 1963 साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली. आजोबांना जे परके वाटते, ते असे घरचेच आहे!

मात्र पथ्ये हवीत. नाटिका शुभवर्तमानाच्या वाचनानंतर, प्रवचनाला जोडून व्हावी. वेदीला रंगमंच करू नये. पाच-सात मिनिटे पुरेत. टाळ्या नकोत, कारण टाळी पडली की भक्ताचा प्रेक्षक होतो. तिरंग्याचा पोशाख करून भारतमाता सजवण्याचा मोहही टाळावा. ध्वजसंहितेला ते मान्य नाही.

आणि विषय? तो बायबलातच तयार आहे. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घ्या. जखमी वाटसरू कल्याण स्टेशनच्या पुलावर पडलेला दाखवा. लोकल गाठायची म्हणून प्रतिष्ठित माणसे त्याला वळसा घालून जातात. थांबतो तो, ज्याला सारे परका समजतात. मागे एकच चित्र असावे, मुलांनीच रंगवलेले; त्यात पूल आणि गर्दी.

संविधानाच्या उद्देशिकेत 'बंधुता' हा शब्द आहे. आपण तो पाठ करतो. व्याख्या मात्र परीक्षेपुरती. "माझा शेजारी कोण?" या प्रश्नावर येशूने व्याख्या न देता गोष्टच सांगितली होती. जे नाव, जी वस्ती, जे देऊळ आपले नाही, त्यांनाही आपले म्हणायला मुले त्या पाच मिनिटांत शिकली, तर ध्वजाला केलेल्या वंदनाला अर्थ येईल. शिवाय वर्षभर "तुम्ही नक्की कुठले?" असे ज्यांना विचारले जाते, त्यांच्या लेकरांना त्या दिवशी उत्तर द्यावे लागणार नाही. ते त्यांनी करूनच दाखवलेले असेल. देवाच्या घरात नाटक कशाला, तर यासाठी!