गाता गाता भाषा

पाहुणे आले की, ‘बाळ, ते इंग्रजी गाणे म्हण पाहू!’ अशी फर्माईश होतेच. बाळ घडाघडा म्हणतो, आई धन्य होते. त्यातले बाळाला कळले किती, हे मात्र कुणी विचारीत नाही.

गाण्याने नवी भाषा जिभेवर लवकर बसते, हे खरे. ताल शब्द सुटे करतो, चाल पुढचा शब्द आठवून देते, आणि तीच ओळ दहादा म्हणूनही मूल कंटाळत नाही. अर्थ मात्र दाखवावाच लागतो.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे बालशिक्षणाचे काम १९४५ साली बोर्डीला सुरू झाले आणि १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या वारली मुलांना शाळेची मराठी नवखीच. अशा ठिकाणी अभिनयगीताचे मोल कळते. ‘नाक’ म्हणताना बोट नाकाला लागले की शब्द परका राहत नाही.

तेव्हा भगिनींनो, गाणे संपले की थांबू नका. गाण्यातला पाऊस खिडकीतून दाखवा, त्यावर दोन वाक्ये बोला. आणि घरच्या बोलीतलेही एक गाणे रोज होऊ द्या. नाहीतर पिंजऱ्यातला राघू आणि आपला बाळ यांत फरक तो काय?