सरकारी मालकी आणि एमिरेट्सचा नफा

सरकारला धंदा जमत नाही, हे विधान आपल्याकडे इतक्यांदा उच्चारले गेले आहे की ते सिद्ध करण्याची गरज आता कुणाला वाटत नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाच्या हवाली झाली, तेव्हाही हाच युक्तिवाद पुढे होता. पण एअर इंडियाचे परदेशी जाणारे प्रवासी ज्या कंपन्यांनी आपल्याकडे ओढले, त्यांतील अग्रगण्य अशी दुबईची एमिरेट्स ही संपूर्ण सरकारी मालकीची आहे. खासगीकरणाचे पुरस्कर्ते याविषयी मौन पाळतात.

एमिरेट्सचा आरंभ २५ ऑक्टोबर १९८५ रोजी भाड्याच्या विमानांनिशी झाला. पहिले उड्डाण कराचीला होते. मुंबई आणि दिल्लीही प्रारंभीच जोडली गेली. दुबईची स्वतःची लोकसंख्या ती कितीशी! म्हणून धोरण असे ठरले की प्रवासी दुबईचा नसला तरी चालेल, त्याने विमान मात्र दुबईत बदलावे. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाराही त्यांचाच प्रवासी झाला. जगभरच्या विमान कंपन्यांना सुपूर्द झालेल्या २५१ एअरबस ए-३८० विमानांपैकी १२३ या एका कंपनीने घेतली, ती याच हिशेबाने. विमान कंपनी, विमानतळ आणि नागरी उड्डाण प्राधिकरण या तिन्हींचे प्रमुखपद तेथे शेख अहमद बिन सईद अल मक्तूम या एकाच व्यक्तीकडे आहे.

आपल्याकडे काय घडले? ज्या मंत्रालयाच्या कारकिर्दीत सार्वजनिक विमान कंपन्यांसाठी १११ विमाने मुख्यतः कर्जावर मागविली गेली, त्याच मंत्रालयाने दुबईच्या वाट्याची आसनेही वाढवून दिली. २०११ मध्ये महालेखापरीक्षकांनी या दोन्ही गोष्टींवर ताशेरे ओढले. विक्रीच्या वेळी टाटांनी १८ हजार कोटींची बोली लावली, त्यांत रोख फक्त २,७०० कोटी. ४६ हजार कोटींहून अधिक देणे सरकारी कंपनीच्या माथी राहिले. हा सरकारी मालकीचा पराभव म्हणायचा की मालकानेच केलेली हेळसांड?

मात्र दुबईच्या यशाने हुरळून जाण्याचे आपणांस कारण नाही. तेथील सरकार म्हणजे एक राजघराणे. २०२०-२१ च्या महामारीत दुबई सरकारने एमिरेट्समध्ये ११.३ अब्ज दिरहम ओतले, आणि त्याच वर्षी समूहाची कर्मचारीसंख्या ३१ टक्क्यांनी घटून ७५,१४५ वर आली. २०२४-२५ मध्ये विमान कंपनीचा करोत्तर नफा १९ अब्ज दिरहमांवर गेला. तिजोरीतील पैसा कंपनी वाचविण्यासाठी आला, नोकऱ्या वाचविण्यासाठी नव्हे. आणि ज्यांची नोकरी गेली त्यांच्या वतीने वाटाघाटीला बसेल अशी संघटनाही नव्हती. संयुक्त अरब अमिरातीत कामगार संघटनेला कायद्याने स्थान नाही आणि संपालाही नाही.