श्वासाची साक्ष

फुफ्फुसाचा कर्करोग हा चोरपावलांनीं येणारा शत्रू आहे. आरंभीं वेदना नसते. खोकला लागतो, पण बिडी ओढणारास व चुलीच्या धुरांत बसणारीस खोकल्याचें नवल तें काय वाटणार? मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे. परंतु आपल्या देशांत या रोगाचे बहुतेक रोगी वैद्यापाशीं पोहोंचतात ते रोग बळावल्यावरच. जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिमेकडील डोंगराळ गांवांतून पुण्यास जाणें म्हणजे मजुरी बुडविणें व वर गाडीभाडें भरणें होय.

अशांकरितां श्वासावरून रोग ओळखण्याची विद्या उपयोगी पडेल काय? कल्पना अगदींच नवी नव्हे. मधुमेह फार बळावला म्हणजे श्वासास पिकल्या फळासारखा वास येतो, हें वैद्यांस ठाऊकच आहे. १९७१ सालीं लायनस पॉलिंग यांनीं मनुष्याच्या श्वासांत सुमारें २५० द्रव्यें असल्याचें दाखविलें. बिघडलेल्या पेशींतील उडून जाणारीं द्रव्यें रक्तावाटे फुफ्फुसांत येऊन उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. २००९ सालीं इस्रायलमधील होसाम हाइक व त्यांचे सहकारी यांनीं सोन्याच्या सूक्ष्म कणांच्या साहाय्यानें कर्करोग्यांचा श्वास निरोग्यांच्या श्वासाहून वेगळा ओळखला. ना सुई, ना शस्त्र. केवळ एक फुंकर! रोग लवकर सांपडल्यानें प्राण वांचतात, हेंही सिद्ध आहे: अमेरिकेंत अतिशय धूम्रपान करणाऱ्यांची अल्पकिरण सी.टी. स्कॅननें तपासणी केल्यावर या रोगाचे मृत्यू सुमारें २० टक्क्यांनीं घटल्याचें २०११ सालीं दिसून आलें.

तथापि श्वासचाचणीस अद्याप सर्वमान्य निदानाचें स्थान मिळालेलें नाहीं. हीं द्रव्यें अत्यल्प असतात, आणि आहार, तंबाखू व भोंवतालची हवा यांनींही तीं बदलतात. म्हणून माझें मत असें कीं, परदेशांत यशस्वी ठरलेलें यंत्रही जसेंच्या तसें येथें आणूं नये. चुलीच्या धुरांत वाढलेला आपला श्वास त्यास आधीं शिकवावा. एरवीं तें निरोग्यास भिववील आणि, त्याहून वाईट, रोग्यास निर्धास्त करून घरीं धाडील. शिवाय शंका आल्यावर स्कॅन व गांठीच्या तुकड्याची तपासणी सुटत नाहींच. तेव्हां गांवांत चाचणी आणणारानें रोग्यास रुग्णालयापर्यंत नेण्याचाही भार उचलावा. नुसती भीति वांटणें ही सेवा नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, यंत्र येईल तेव्हां येवो. तोंपर्यंत घरांतील खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास वडीलधाऱ्यांस दवाखान्यांत न्या. क्षयाच्या औषधानें गुण न आल्यास पुन्हां तपासणीचा आग्रह धरा. बिडीस घराबाहेर काढा व चुलीच्या धुरास वाट करून द्या. ही परीक्षा आजच देतां येण्यासारखी आहे.