नक्कल बघा, अस्सल राहू द्या

फ्रान्सला जाऊन आलेल्या हौशी मंडळींची एक ठरलेली तक्रार असते. लास्कोची आदिमानवाची चित्रं बघायला म्हणून पॅरिसहून पाचेकशे किलोमीटर खाली माँतिन्याकला जायचं, रांग लावायची, तिकीट काढायचं आणि आत गेल्यावर कळतं की ही खरी गुहा नाहीच! रेझिनची नक्कल आहे. खरी गुहा तिथून जवळच टेकडीत आहे, पण तिला कुलूप आहे. मग चिडचिड होते. "नक्कलच बघायची तर गूगलवर फोटो काय वाईट होते?" हे वाक्य अनेकांच्या तोंडी येतं.

माझं मत सरळ सांगून टाकतो. ते कुलूप योग्य आहे. इतकंच नाही, तर ती नक्कल ही गेल्या शतकात कलेसाठी झालेल्या सगळ्यात शहाण्या कामांपैकी एक आहे. का, ते सांगतो.

आधी थोडा इतिहास. सप्टेंबर १९४० मध्ये, म्हणजे ऐन युद्धात, मार्सेल राविदा आणि त्याचे तीन दोस्त एका बिळातून घसरत खाली गेले आणि भिंतीवर बैल, घोडे, हरणं बघून थक्क झाले. अंदाजे सतरा हजार वर्षांपूर्वीची चित्रं! सगळ्यात मोठा बैल पाच मीटरहून लांब. प्राण्यांची चित्रं आणि कोरीव आकृत्या मिळून शेकड्यांनी. लाल-पिवळ्यासाठी लोखंडयुक्त माती, काळ्यासाठी मॅंगनीज. एवढी वर्षं ती टिकली, कारण गुहेचं तोंड बुजलेलं होतं आणि आतलं तापमान, ओलावा, हवा सगळं जवळजवळ स्थिर होतं. थोडक्यात, कोणी हात लावला नाही म्हणून सिस्टीम चालू होती.

मग आपण हात लावला. १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी उघडली. त्यासाठी आतली जमीन खोदून वाट केली, पायऱ्या बांधल्या, दार बसवलं, विजेचे दिवे लावले. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत दिवसाला हजाराच्या वर माणसं आत जाऊ लागली. आता माणूस नुसता उभा राहिला तरी तीन गोष्टी सोडतो: उष्णता, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. थंड भिंतीवर वाफेचं पाणी होतं, त्यात हा वायू विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं आणि ते चुनखडीचा दगड खातं. हेच पाणी दुसरीकडे सुकलं की मागे कॅल्साइटचा पांढरा पापुद्रा राहतो. शिवाय बुटांबरोबर आलेले जंतू आणि दिव्यांचा उजेड यांच्यावर हिरवं शेवाळ पोसलं. फ्रेंच लोकांनी याला नावंही ठेवली, हिरवा रोग आणि पांढरा रोग. सतरा हजार वर्षांचा अपटाइम आपण पंधरा वर्षांत घालवला! १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढचा भाग कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याला ओळखीचा वाटेल. हवा सांभाळायला जी यंत्रणा होती ती २००० च्या सुमारास बदलली. २००१ मध्ये पांढरी बुरशी पसरली. तिच्यावर जंतुनाशकं मारली, जमिनीवर कळीचा चुना पसरला. बुरशी आटोक्यात आली, तर काही वर्षांत काळे डाग दिसू लागले. त्या डागांत सापडलेल्या एका बुरशीला २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी या गुहेवरूनच नाव दिलं, ऑक्रोकोनिस लास्कोएन्सिस. पॅचवर पॅच, आणि प्रत्येक पॅचबरोबर नवा बग. फरक एवढाच की इथे जुन्या व्हर्जनवर परत जाता येत नाही.

म्हणून मला नक्कल महत्त्वाची वाटते. १९८३ मध्ये मूळ गुहेपासून दोनशे मीटरवर 'लास्को दोन' उघडली. मोनिक पेत्राल या चित्रकर्तीने वर्षानुवर्षं खपून, जुन्या पद्धतीचेच खनिज रंग वापरून मुख्य दालन आणि त्याला लागून असलेली गॅलरी हुबेहूब उतरवली. पुढे टेकडीवरची वर्दळसुद्धा कमी व्हावी म्हणून २०१६ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी 'लास्को चार' उभी राहिली, आणि तिच्यात जवळजवळ सगळी गुहा आली.

यातून खरा धडा घेतला तो शोवेच्या लोकांनी. डिसेंबर १९९४ मध्ये सापडलेल्या या गुहेत सुमारे छत्तीस हजार वर्षांपूर्वीचे सिंह आणि गेंडे आहेत. ती सामान्य लोकांसाठी एक दिवससुद्धा उघडली नाही. थेट त्रिमितीय स्कॅन केलं, नक्कल बांधली आणि २०१५ मध्ये ती उघडली. सर्व्हर बसल्यावर बॅकअप शोधणारे आणि बसण्याआधी घेऊन ठेवणारे, यांच्यात जो फरक असतो तोच लास्को आणि शोवेमध्ये आहे.

"पण नक्कल ती नक्कलच ना!" हो, बरोबर. पण मग जरा कलेचा इतिहास उघडून बघा. मायरनचा थाळीफेक करणारा खेळाडू सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेला असतो. मायरनने तो ब्रॉन्झमध्ये केला होता आणि तो केव्हाच नाहीसा झाला. आपण बघतो त्या रोमन काळातल्या संगमरवरी नकला. ग्रीक शिल्पकलेतलं आपण ज्याला अभिजात म्हणतो, त्यातलं बरंचसं असंच उसन्या दगडावर उभं आहे. फ्लॉरेन्सच्या चौकात लोक ज्या डेव्हिडसमोर फोटो काढतात तो मायकेलअँजेलोचा नाही. मूळ पुतळा १८७३ मध्ये तिथून हलवून आत नेला, आणि चौकात १९१० पासून प्रतिकृती उभी आहे. कोणाचं जेवण गोड लागायचं राहिलेलं नाही.

लिओनार्दोच्या 'लास्ट सपर'चं उदाहरण तर याहून बोलकं आहे. गड्याने ओल्या गिलाव्यावर झटपट रंगवायचं सोडून कोरड्या भिंतीवर सावकाश प्रयोग केला, आणि त्याच्या हयातीतच रंग सुटू लागला. १६५२ मध्ये त्या भिंतीत दार मोठं करताना येशूचे पायच कापले गेले. ते पाय कसे होते हे आपल्याला कळतं ते जाम्पित्रिनो नावाच्या चित्रकाराने १५२० च्या आसपास केलेल्या नकलेवरून. १९९९ मध्ये संपलेल्या वीसेक वर्षांच्या दुरुस्तीतही हीच नक्कल संदर्भाला होती. म्हणजे अस्सल झिजत गेलं तेव्हा नकलेने त्याची आठवण सांभाळली.

यात आपला घरचा धागाही आहे. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत शंभरच्या वर जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. आज त्यांची हळहळ वाटते, कारण भिंतीवरचं जे मधल्या काळात उडालं, ते कदाचित त्या कापडावर शाबूत राहिलं असतं. नक्कल जळाली म्हणून शोक करायची वेळ येते, तेव्हा ती 'नुसती नक्कल' नसते.

आता दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मला मनापासून पटतं. अस्सल भिंतीसमोर उभं राहण्यात काहीतरी वेगळं आहेच. इथेच, याच जागी, चरबीचा दिवा धरून कोणीतरी उभं होतं आणि त्याने हाताने ही रेघ ओढली, हे नुसतं माहीत असण्यानेही अंगावर काटा येतो. रेझिनच्या भिंतीसमोर तो येत नाही. ही हानी खरी आहे आणि ती लपवू नये. "अगदी खऱ्यासारखंच!" असली जाहिरात करणारे याच कारणासाठी मला खटकतात. नक्कल म्हणूनच दाखवा, अभिमानाने दाखवा. पण तो काटा माझ्या अंगावर यावा म्हणून भिंतीवरचा घोडा पुसला जात असेल, तर माझा हक्क तिथे संपतो. आणि तसंही, १९५५ मध्ये त्या गर्दीत विजेच्या दिव्याखाली, खणलेल्या वाटेवरून ढकलले जाणारे लोक जे बघत होते, ते तरी कितपत अस्सल होतं?

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. दार बंद, पण साहेबांना उघडं! २०१० मध्ये लास्कोच्या शोधाला सत्तर वर्षं झाली तेव्हा राष्ट्राध्यक्ष सार्कोझी सपत्नीक आत जाऊन आले. व्हीआयपी दर्शन फक्त आपल्याकडेच असतं असं कोणी समजू नये. श्वास राष्ट्राध्यक्षांचा असला तरी त्यात कार्बन डायऑक्साइड तेवढाच असतो. संशोधक आणि निगा राखणारे जाणार, ते गेलेच पाहिजेत. त्यांच्याशिवाय कोणाला सोडायचंच असेल, तर स्पेनमधल्या आल्तामिराचा मार्ग बरा. २०१४ मध्ये तिथे सोडत पद्धत सुरू केली: आठवड्यातून पाच जण, संरक्षक कपडे घालून, सदतीस मिनिटं. वर्षाला अडीचशे माणसं म्हणजे काहीच नाही. पण नशीब मंत्र्याला आणि माळ्याला सारखंच. एकतर अशी सोडत, नाहीतर सगळ्यांनाच बंदी. मधलं काही नको.

आपण तिशी-पस्तिशीतले लोक एका सवयीचे गुलाम आहोत. पैसे भरले की 'ॲक्सेस' मिळालाच पाहिजे. बॉस, काही गोष्टींना रीड परमिशनसुद्धा नसते, कारण तिथे नुसतं वाचणं म्हणजेच पुसणं असतं. आपल्यानंतर आणखी हजारो वर्षं माणसं येणार आहेत. तोपर्यंत त्या बुरशीवर इलाज सापडेल, कदाचित श्वास न सोडता बघायची काही युक्तीही निघेल. पण त्यांच्यासाठी घोडा भिंतीवर शिल्लक असला तर त्या युक्तीचा उपयोग.

तेव्हा माँतिन्याकला गेलात तर नक्कल जरूर बघा, चांगला वेळ काढून बघा. बाहेर आल्यावर त्या बंद टेकडीकडेही एकदा नजर टाका. आत काळोख आहे आणि कोणी नाही. चित्रांसाठी याहून चांगली व्यवस्था आजतरी आपल्याकडे नाही.